जेट विमानांच्या हवाई कसरती: काळाबरोबर काय बदललं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायुसेनानगरावर सरावाची विमानं घिरट्या घालू लागली की फुटाळ्यापासून वाडीपर्यंत लोक गच्चीवर येतात, आणि त्या आठवड्यात ओळखीपाळखीतून तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींची. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

पूर्वीपेक्षा आता विमानं एकमेकांच्या जास्त जवळून उडतात, हे खरं का?

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. १९३० च्या दशकात लंडनमधल्या हेंडनला ब्रिटिश हवाई दलाचं वार्षिक प्रदर्शन भरत असे. तिथे लढाऊ बायप्लेनं (एकावर एक अशा दोन पंखांची विमानं) लवचिक दोऱ्यांनी एकमेकांना बांधून उडवली जात आणि वैमानिक त्याच अवस्थेत कसरती करत. म्हणजे जेट इंजिन यायच्या आधीच जवळ उडण्याची हौस पुरेपूर भागवून झाली होती.

आज अमेरिकन नौदलाचं ब्लू एंजल्स पथक एका कसरतीत एका विमानाच्या पंखाचं टोक आणि शेजारच्या विमानाच्या कॉकपिटची काच यांच्यात सुमारे ४५ सेंटीमीटर अंतर ठेवतं. आपल्या हवाई दलाचं सूर्यकिरण पथक पाच मीटरच्या आत उडतं. पण ४५ सेंटीमीटरवाले श्रेष्ठ आणि पाच मीटरवाले कमी, असा हिशेब लावता येत नाही. चार विमानांचा डायमंड (चौकटीच्या पानासारखा आकार) वेगळा आणि नऊ विमानांनी आकार बदलत बदलत घेतलेला लूप (आकाशातलं उभं वर्तुळ) वेगळा.

माझ्या मते खरा बदल अंतरामागच्या शिस्तीत झाला. कोण उडतं, किती दिवस तेच काम करतं, प्रेक्षकांच्या कोणत्या बाजूनं उडतं आणि कोणत्या दिवशी उड्डाण रद्द करतं, हे सगळं गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत पार बदललं. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

जेट विमानं आली तेव्हा हवाई कसरती सोप्या झाल्या की अवघड?

आधी अवघड झाल्या. पंख्याच्या विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पुढे सारला की ताकद लगेच मिळते, मागे ओढला की पंखाच ब्रेकसारखं काम करतो. सुरुवातीच्या जेट इंजिनांचं तसं नव्हतं. थ्रॉटल पुढे केल्यावर इंजिनाला वेग धरायला काही सेकंद लागत. फॉर्मेशनमध्ये, म्हणजे ठरलेल्या आकारात एकमेकांजवळ उडताना, काही सेकंद म्हणजे फार मोठा काळ. त्यामुळे वैमानिकाला ‘आता मागे पडतोय’ हे दिसण्याआधीच ओळखून हात हलवावा लागे.

तरीही लोक थांबले नाहीत. १९४८ मध्ये ब्रिटनच्या ५४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची (हवाई दलाच्या तुकडीची) सहा व्हँपायर विमानं अटलांटिक ओलांडून गेली. जेट विमानांनी हा महासागर ओलांडण्याची ती पहिलीच वेळ, आणि पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी कॅनडा-अमेरिकेत कसरती करून दाखवल्या. ब्लू एंजल्सची स्थापना १९४६ ची, अॅडमिरल निमित्झ यांच्या आदेशाने झालेली. त्यांनी सुरुवात हेलकॅट या पंख्याच्या विमानावर केली आणि १९४९ मध्ये पँथर हे पहिलं जेट घेतलं. अमेरिकन हवाई दलाचं थंडरबर्ड्स पथक १९५३ चं, थेट जेटवरच जन्मलेलं. फ्रान्सच्या पात्रुई द फ्रान्सला हे नाव मिळालं तेही १९५३ मध्येच, पण त्यांची परंपरा १९३१ पर्यंत मागे जाते.

त्या काळात या पथकांचे वैमानिक कसरतीपुरतेच वैमानिक नव्हते. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं तेव्हा ब्लू एंजल्स पथक मोडून त्याचे वैमानिक थेट लढाईवर पाठवले गेले. त्यांचे लीडर जॉन मॅग्डा १९५१ मध्ये तिथेच मारले गेले.

एके काळी २२ विमानांनी एकत्र लूप घेतला होता म्हणे. मग आता नऊवरच का थांबतात?

घेतला होता, आणि वाचतानाही अंगावर काटा येतो. १९५८, फार्नबरो. ब्रिटनच्या १११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं पथक ब्लॅक अॅरोज या नावानं ओळखलं जाई. त्यांनी इतर तुकड्यांकडून विमानं आणि वैमानिक मागून घेतले आणि २२ हंटर विमानं एकाच फॉर्मेशनमध्ये लूपमधून फिरवली. एरवीही हे पथक १६ विमानांनी कसरती करत असे.

पण ‘मागून घेतले’ हे शब्द नीट वाचा. त्या काळी ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक नामांकित लढाऊ स्क्वाड्रनचं आपलं एक पथक असे आणि त्यांच्यात चढाओढ चाले. देशाच्या संरक्षणासाठी सज्ज राहायचं त्याच वैमानिकांचे आणि विमानांचे तास कसरतीत जात. हवाई दलाच्या वरिष्ठांना हे परवडेना. शेवटी स्क्वाड्रनची पथकं बंद करून १९६५ मध्ये एकच पूर्णवेळ पथक उभं केलं गेलं, रेड अॅरोज. ते लढाऊ स्क्वाड्रनमधलं नव्हतं, वैमानिकांना शिकवणाऱ्या सेंट्रल फ्लाइंग स्कूलचं होतं. सुरुवात सात नॅट विमानांनी झाली आणि १९६८ मध्ये रे हॅना लीडर असताना संख्या नऊवर स्थिरावली.

नऊच का, याची कारणं व्यावहारिक आहेत. लीडरपासून सगळ्यात बाहेरचं विमान जितकं लांब, तितकं त्याला वळणात जास्त अंतर कापावं लागतं. आतल्याला वेग कमी करावा लागतो, बाहेरच्याला वाढवावा लागतो, आणि लीडरची छोटीशी हालचाल टोकाला पोहोचेपर्यंत मोठी होते. २२ विमानांचा लूप म्हणूनच भव्य पण संथ होता. नऊ विमानांत डायमंडही होतो, बाणही होतो, आणि मध्येच पाच-चार अशी फूट पाडून एका गटाने वळून येईपर्यंत दुसऱ्याने प्रेक्षकांसमोर काहीतरी करत राहता येतं. आकाश रिकामं राहत नाही. मला स्वतःला १९५८ च्या २२ पेक्षा १९६८ चे नऊ हा जास्त मोठा टप्पा वाटतो, कारण आजची जवळजवळ सगळी पथकं त्या वाटेवर चालतात. फ्रान्स आठ विमानं उडवतो, इटलीचं फ्रेच्चे त्रिकोलोरी दहा, कॅनडाचं स्नोबर्ड्स नऊ.

हवाई दलाकडे राफेल, सुखोई असताना कसरतीला शिकाऊ विमानं का वापरतात?

पैसा हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६०० किलोमीटर वेगाने, वैमानिकाच्या अंगावर ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट, भार येईल असं सपाट वळण घेतलं तर त्रिज्या साधारण ७३० मीटर येते. तोच भार ठेवून वेग ताशी ९०० किलोमीटर केला की ती १६०० मीटरच्या पुढे जाते. म्हणजे वेगवान लढाऊ विमान वळून परत येईपर्यंत लांब कळमेश्वरच्या दिशेला निघून गेलेलं असेल, आणि मैदानातली मंडळी माना वळवत बसतील. सूर्यकिरणच्या हॉकसारखं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ, विमान डोळ्यांसमोरच वळतं.

इंधनाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९६९ मध्ये ब्लू एंजल्स आणि थंडरबर्ड्स दोघांनीही अवाढव्य फँटम विमानं घेतली. मग तेलाचं संकट आलं. १९७४ मध्ये थंडरबर्ड्सनी टी-३८ हे छोटं ट्रेनर घेतलं. पाच टी-३८ मिळून जेवढं इंधन जाळत तेवढं एकटं फँटम जाळत असे. ब्लू एंजल्सही त्याच सुमारास लहानशा स्कायहॉकवर आले. पुढे दोन्ही पथकं पुन्हा लढाऊ विमानांकडे वळली. आज एक एफ-१६ वर आहे, दुसरं २०२१ पासून सुपर हॉर्नेटवर. अमेरिका, रशिया, चीन यांना आपलं पहिल्या फळीचं विमान जगाला दाखवायचं असतं. रशियाचं रशियन नाइट्स पथक सुखोई-२७ च्या कुळातली अजस्र विमानं घेऊन १९९१ पासून उडतंय. भारत, ब्रिटन, फ्रान्स, इटली, कॅनडा यांनी ट्रेनर निवडलं. दोन्ही वाटांत कौशल्य आहे. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर सलग काहीतरी घडत राहावं, ही अपेक्षा असेल तर ट्रेनरला तोड नाही.

इतक्या वेगात शेजारच्या विमानाला चिकटून राहतात तरी कसे? मधल्या वैमानिकाला काय दिसतं?

वेग जमिनीच्या तुलनेत असतो. वर्धा रोडवर दोन दुचाकीवाले शेजारी-शेजारी गप्पा मारत जातात तेव्हा एकमेकांच्या दृष्टीने ते जवळजवळ स्थिर असतात. फॉर्मेशनमधल्या विमानांचंही तसंच. अडचण त्या ‘जवळजवळ’ची आहे.

विंगमन, म्हणजे लीडरच्या बाजूला उडणारा वैमानिक, पुढे बघत नाही. जमीन, क्षितिज, उंचीमापक यांकडेही त्याचं लक्ष जवळपास नसतंच. त्याची नजर लीडरच्या विमानावर खिळलेली असते. प्रत्येक जागेसाठी दोन खुणा ठरलेल्या असतात. उदाहरणार्थ पंखाच्या टोकावरचा दिवा आणि विमानाच्या अंगावरचं एखादं चिन्ह. त्या दोन खुणा एका रेषेत दिसल्या की तुम्ही आपल्या जागेवर आहात. दिवा चिन्हाच्या पुढे सरकला तर तुम्ही मागे पडताय, वर गेला तर खाली जाताय. हात सतत, अगदी बारीक बारीक हलत असतात. थ्रॉटल एका जागी कधीच थांबत नाही. लूपच्या माथ्यावर वैमानिक उलटा लटकलेला असतो, पण त्याच्या डोळ्यांसमोरचं चित्र तेच असतं: दोन खुणा, एक रेष.

लीडरचं काम वेगळं. त्याने सगळ्यात गुळगुळीत उडायचं. तो पूर्ण ताकद कधीच वापरत नाही, कारण त्याने पूर्ण थ्रॉटल लावला तर मागच्यांना गाठायला काही शिल्लकच उरणार नाही. प्रत्येक हालचालीआधी तो रेडिओवर ठरलेल्या लयीत शब्द उच्चारतो आणि त्या शब्दाच्या ठराविक अक्षरावर सगळे एकदम हात हलवतात. ब्लू एंजल्सचे वैमानिक उड्डाणाआधी टेबलाभोवती बसून, डोळे मिटून, लीडरच्या आवाजावर हात हलवत अख्खा कार्यक्रम खुर्चीतच उडवतात. हे वैमानिक जी-सूटही (जोराच्या वळणात हवा भरून पाय-पोट आवळणारा पोशाख) घालत नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर टेकलेला असतो, आणि सूटमध्ये हवा भरली की हात हलणार. त्यांच्या विमानाच्या स्टिकला, म्हणजे हातातल्या नियंत्रण-दांड्याला, एक स्प्रिंग लावलेली असते. ती नाक खाली ढकलत राहते आणि वैमानिक सुमारे १८ किलोचा जोर सतत मागे ओढत ठेवतो. सैल स्टिकपेक्षा ताणलेल्या स्टिकवर बारीक हालचाल नेमकी जमते.

डायमंडमध्ये लीडरच्या थेट मागे जो असतो त्याची जागा सगळ्यात त्रासाची. पुढच्या विमानाच्या ढवळलेल्या हवेत जाऊ नये म्हणून त्याला किंचित खाली राहावं लागतं. थंडरबर्ड्स एफ-१०० उडवत त्या काळात या चौथ्या विमानाची शेपटी पुढच्या इंजिनांच्या काजळीने काळी पडायची. ती काजळी त्या जागेचा मान समजली जायची.

लीडरच चुकला तर?

हा प्रश्न मुलंही विचारतात, आणि तो टाळता येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी नेवाडाच्या वाळवंटात थंडरबर्ड्सची चार टी-३८ विमानं एका रांगेत लूप घेत होती. खाली येताना लीडरचं विमान वर उचललं गेलं नाही. अधिकृत चौकशीने निष्कर्ष काढला की शेपटीच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला होता. उरलेल्या तिघांची नजर नेहमीप्रमाणे लीडरवर होती. चारही विमानं जमिनीवर आदळली आणि चारही वैमानिक गेले. १९९५ मध्ये रशियन नाइट्सची तीन सुखोई-२७ विमानं वाट दाखवणाऱ्या आयएल-७६ च्या मागे व्हिएतनाममधल्या काम रान तळावर ढगांतून उतरत असताना डोंगरावर आदळली. चार वैमानिक मृत्युमुखी पडले. तिथे कसरत नव्हतीच, नुसतं उतरणं होतं.

पहिल्या अपघातानंतर थंडरबर्ड्स एफ-१६ वर गेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लीडरवर विश्वास ठेवायचा तर त्या विश्वासाला आधार काय, याची व्यवस्था जगभर कडक होत गेली. जमिनीवर एक अनुभवी वैमानिक रेडिओ घेऊन उभा असतो आणि कसरत थांबवण्याचा अधिकार त्याला असतो. लूप सुरू करताना किमान उंची आणि वेग मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर वरून सुटण्याची वाट आधीच ठरलेली असते. प्रत्येक उड्डाणाचं जमिनीवरून चित्रीकरण होतं आणि उतरल्यावर ते सगळ्यांसमोर थांबवून थांबवून बघितलं जातं. कनिष्ठाने वरिष्ठाची चूक दाखवणं तिथे अपेक्षित असतं. फौजेत हे रुजवणं सोपं नव्हतं, आणि म्हणूनच मला या सगळ्या इतिहासातली ही फार मोठी कमाई वाटते.

आपल्या सूर्यकिरणनेही किंमत मोजली आहे. २००६ मध्ये बिदरजवळ दोन वैमानिक गेले, २००९ मध्ये एक. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूच्या एअरो इंडिया या हवाई प्रदर्शनाच्या तोंडावर येलहंकाला सरावात दोन हॉक विमानांची टक्कर होऊन विंग कमांडर साहिल गांधी शहीद झाले.

विमानं प्रेक्षकांच्या डोक्यावरून का जात नाहीत? जुन्या चित्रफितींत तर जाताना दिसतात.

कारण रामस्टाइन. २८ ऑगस्ट १९८८, तत्कालीन पश्चिम जर्मनीतला अमेरिकन तळ. इटलीचं फ्रेच्चे त्रिकोलोरी पथक आकाशात धुराचं हृदय काढत होतं. दोन गट दोन बाजूंनी हृदयाचा आकार पूर्ण करत खाली येणार आणि एकटं विमान समोरून, थेट प्रेक्षकांच्या दिशेने येऊन ते हृदय भेदणार, अशी रचना. एकटं विमान त्या छेदबिंदूवर चुकीच्या क्षणी पोहोचलं. तीन विमानं एकमेकांवर आदळली आणि जळतं विमान गर्दीत कोसळलं. तीन वैमानिक धरून ७० जण मरण पावले, शेकडो भाजले.

नियम त्याआधीही होते. १९५२ मध्ये फार्नबरोला एक जेट हवेतच फुटून २९ प्रेक्षक दगावल्यावर ब्रिटनने अंतर ठरवून दिलं होतं: सरळ उडताना प्रेक्षकांपासून किमान २३० मीटर, कसरती करताना ४५० मीटर. रामस्टाइनने दिशेचा प्रश्न ऐरणीवर आणला. विमान चुकलं तर त्याचे तुकडे ज्या दिशेने जात होतं त्याच दिशेने जातात. त्यामुळे आता एकमेकांना छेदणाऱ्या कसरती प्रेक्षकांना समांतर रेषेत होतात, गर्दीकडे तोंड करून होत नाहीत. जर्मनीने तर तीन वर्षं हवाई प्रदर्शनंच बंद ठेवली.

सूर्यकिरणही आकाशात हृदय काढतं. पुढच्या वेळी बघाल तेव्हा छेदणारं विमान कोणत्या दिशेने येतं तेवढं लक्षात ठेवून बघा.

भारतात हे कधी सुरू झालं?

जेटचं पहिलं नावाजलेलं पथक थंडरबोल्ट्स. हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९८२ मध्ये, नऊ हंटर विमानांवर ते उभं राहिलं. ऐंशीचं दशक सरता सरता हंटरसोबत तेही मावळलं.

सूर्यकिरणची स्थापना २७ मे १९९६ ची, कर्नाटकातल्या बिदर तळावर, किरण मार्क-२ या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमानावर. सुरुवात सहा विमानांनी आणि दोनच वर्षांत नऊ. रेड अॅरोजचं नॅट आणि आपलं किरण मार्क-२ ही दोन्ही ऑर्फियस इंजिनाच्या कुळातली विमानं, आणि पुढे दोन्ही पथकं हॉकवरच गेली. ब्रिटन १९८० मध्ये, आपण २०१५ मध्ये.

मधली चार वर्षं दुःखाची होती. नव्या वैमानिकांना शिकवायला ट्रेनर विमानांचा तुटवडा पडला आणि २०११ च्या एअरो इंडियानंतर पथकाची किरण विमानं प्रशिक्षणाकडे वळवली गेली. पथक थांबलं. निर्णय योग्यच होता. शिकवणं आधी, कसरती नंतर. पण एकदा पथक थांबलं की हातातली लय जाते. त्यामुळे २०१५ मध्ये हॉकवर पुन्हा उभं राहताना चार विमानांपासून सुरुवात करावी लागली आणि संख्या हळूहळू नऊवर नेली गेली.

यात नागपूरचा काय संबंध? इथे तर सूर्यकिरण नसतं.

पथक बिदरचं, हे खरं. पण हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेनानगरात आहे. देशभरातले बेस रिपेअर डेपो, म्हणजे जिथे विमानं, इंजिनं आणि उपकरणं उघडून दुरुस्त केली जातात ते कारखाने, या कमांडच्या हाताखाली येतात. सूर्यकिरणचा तिरंगी धूर सोडणारे पॉड नाशिकच्या डेपोत देशातच तयार झाले. म्हणून सेमिनरी हिल्सवरून आकाशात केशरी, पांढरा, हिरवा पट्टा बघताना त्यात या शहराच्या कमांडचा वाटा आहे, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही.

तो धूर म्हणजे प्रदूषण नाही का? विमानाला आग तर लागत नाही?

आग नाही. डिझेलसारखं हलकं तेल इंजिनाच्या गरम झोतात फवारलं जातं, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनतात. तो पांढरा धूर. रंगासाठी त्यात रंगद्रव्य मिसळतात. तेल हवेत जातंच, त्यामुळे प्रदूषण शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण कार्यक्रम काही मिनिटांचा असतो आणि धूर त्यातही मोजकाच सोडला जातो.

धुराचं एक काम फारसं कुणाला माहीत नसतं. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांना एकमेकं लांबून दिसतात ती धुरामुळे. आधीचा धूर कुठे वाहतोय त्यावरून लीडरला वाऱ्याचाही अंदाज येतो.

धुराने काढलेलं सगळ्यात देखणं चित्र माझ्या मते जपानच्या ब्लू इम्पल्सचं: १० ऑक्टोबर १९६४, टोकियो ऑलिंपिकचं उद्घाटन, पाच सेबर विमानांनी स्टेडियमवर काढलेली पाच रंगीत वर्तुळं.

सूर्यकिरण आणि सारंग एकच का?

नाही. सारंग हे ध्रुव हेलिकॉप्टरचं पथक आहे, २००३ मध्ये स्थापन झालेलं. हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांमुळे जवळ उडण्याचं गणितच वेगळं असतं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता सगळं कॉम्प्युटरच करत असेल ना? वैमानिकाला काय काम?

फॉर्मेशनमध्ये जागा राखण्याचं काम आजही डोळे आणि हातच करतात. हॉकमध्ये तर फ्लाय-बाय-वायरही (स्टिकची हालचाल संगणकामार्फत पोहोचवणारी यंत्रणा) नाही. स्टिकची हालचाल हायड्रॉलिक यंत्रणेतून थेट पंखांपर्यंत जाते. एफ-१६ किंवा सुपर हॉर्नेटमध्ये मध्ये संगणक असतो, पण तोही ‘लीडरपासून इतकं अंतर ठेव’ असं काही करत नाही. तंत्रज्ञान आलं ते आजूबाजूला: जीपीएसमुळे पथक मैदानावर ठरलेल्या सेकंदाला पोहोचतं, अनोळखी शहराचा नकाशा आणि अडथळे आधीच अभ्यासता येतात, आणि चित्रफीत लगेच बघता येते.

या पथकांत महिला वैमानिक आहेत का?

आहेत. निकोल मॅलाकोव्स्की २००६ मध्ये थंडरबर्ड्समधून उडाल्या. फ्रान्सच्या व्हर्जिनी ग्वियो यांनी २०१० मध्ये पात्रुई द फ्रान्सचं नेतृत्वच केलं. ब्लू एंजल्सच्या जेटवर अमांडा ली २०२३ मध्ये आल्या. आपल्याकडे लढाऊ विमानांवर महिला २०१६ पासून आहेत, त्यामुळे वाट खुली आहे.

एवढ्या खर्चाचा उपयोग काय? लढाईत कुणी लूप घेत फिरत नाही.

लूप घेत फिरत नाहीत, पण फॉर्मेशन हे लढाऊ उड्डाणाचं बाळकडू आहे. ढगांतून दोन विमानं एकत्र उतरवणं, हवेत इंधन भरताना टँकरच्या मागे स्थिर राहणं, सोबत्याला नजरेआड न होऊ देणं, या सगळ्याचं मूळ तेच. सूर्यकिरणचे वैमानिक स्वतः प्रशिक्षक असतात. पथकातली मुदत संपवून ते आपल्या कामावर परत जातात आणि ही शिस्त सोबत नेतात. शिवाय मैदानात मान वर करून बघणाऱ्या मुलांतून उद्याचे वैमानिक आणि तंत्रज्ञ येतात. मला हा खर्च योग्य वाटतो. ज्यांना तो जास्त वाटतो त्यांच्याशी वाद घालायला मी तयार आहे, पण १९६५ चा इतिहास त्यांनीही बघावा. तेव्हा ब्रिटनने पथकं कमी करून खर्च आवरला, पथक मात्र ठेवलं.

नागपुरात असे कार्यक्रम हिवाळ्यातच का? आणि ढग आले तर?

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही कमी होतात, लूपला जास्त उंची लागते, आणि जमिनीवरून उठणारे गरम हवेचे लोट फॉर्मेशनला हिसके देतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा शांत आणि आकाश निरभ्र असतं.

ढगांसाठी पथकांकडे एकाच कार्यक्रमाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या तयार असतात. आकाश मोकळं असेल तर उंच लूपसह पूर्ण कार्यक्रम. ढग मध्यम उंचीवर असतील तर लूप वगळून रोल, म्हणजे पुढे जात जात घेतलेली आडवी गिरकी. ढग खाली असतील तर फक्त सपाट वळणं आणि आकारबदल. त्याहून खाली आले तर रद्द. रद्द झाल्यावर मैदानात हळहळ होते, पण तो निर्णय घेणाऱ्याबद्दल मला नेहमी आदर वाटतो.

बघायला जाताना काय लक्षात ठेवावं?

सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा. मोबाइलवर चित्रीकरण करत बसलात तर अर्धा कार्यक्रम पडद्यावरच बघाल. लहान मुलांच्या कानांसाठी कापूस किंवा इयरप्लग न्या. नऊ विमानं येताना दिसली की सगळ्यात बाहेरच्या विमानाकडे बघा. वळण सुरू झाल्यावर ते किती मेहनत घेतंय, ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. मोठा गट वळायला गेला की विरुद्ध बाजूला नजर टाका. तिथून जोडीतली दोन विमानं येत असतात आणि बहुतेक लोकांची ती हुकतात.

आणि एक कळकळीची विनंती. कार्यक्रमाच्या आणि सरावाच्या दिवसांत फुटाळा, वाडी, दाभा भागात खरकटं किंवा मांसाचे तुकडे उघड्यावर टाकू नका. घारी त्यावरच येतात, आणि जेट इंजिनात शिरलेली एक घार वैमानिकाच्या जिवावर बेतू शकते. बंगळुरूला एअरो इंडियाच्या वेळी याच कारणासाठी येलहंका परिसरात मांसविक्री बंद ठेवतात.

माझ्या मुलीला सूर्यकिरणमध्ये जायचंय. थेट भरती होते का?

नाही. आधी हवाई दलात वैमानिक व्हावं लागतं. बारावीनंतर एनडीए, जिथे २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे, किंवा पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट प्रवेश परीक्षा. मग प्रशिक्षण, लढाऊ विमानांची शाखा, काही वर्षांचा स्क्वाड्रनमधला अनुभव, उड्डाण-प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर स्वेच्छेने अर्ज. निवड झाल्यावरही पहिल्या दिवशी नऊ विमानांत उडायला मिळत नाही. दोन विमानांपासून सुरुवात करून एक-एक विमान वाढवत नेतात. तूर्तास तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घ्यायला सांगा. हे तीन विषय नसतील तर एनडीएच्या हवाई दल शाखेसाठी अर्जच करता येत नाही.